अर्ध्या इंचाची मोकळीक

जगात मापात न बसणारी वस्तू नाही, असं मास्तरांचं ठाम मत होतं. नाही बसली, तर दोष वस्तूचा नसतो, माप घेणाऱ्याचा असतो. बत्तीस वर्षं टेलरिंग केलेल्या माणसाला असं बोलायचा हक्क आहे, आणि मास्तर तो हक्क, ऐकणारं कुणी असो वा नसो, रोज बजावायचे. गळ्यात टेप असायचीच. दुकान उघडलं त्या दिवशी विकत घेतलेली तीच टेप, कडा झिजलेली, आकडे फिकटलेले, पण मास्तरांना तिच्याकडे बघावंही लागायचं नाही.

बत्तीस वर्षांत त्यांच्या शिलाईबद्दल तक्रार आली असेल तर ती फक्त चिठ्ठीवाल्यांची. म्हणजे दुकानात न येता घरूनच कागदावर माप लिहून पाठवणाऱ्यांची. त्यांचे कपडे सैल व्हायचे. सगळ्यांचे, न चुकता. मास्तर म्हणायचे, "चिठ्ठी लिहिल्यापासून वाळला असेल बिचारा. हल्ली माणसांना काळज्या कमी आहेत का?"

तर असे हे मास्तर त्या दुपारी बायकोला म्हणाले, "मशीन बावन्न इंच. काल स्वतः जाऊन मोजलं. आपल्या गाडीची मागची सीट पाडली की आत साडेबावन्न इंच जागा. गाडीच्या पुस्तकातच छापलंय. म्हणजे अर्ध्या इंचाची मोकळीक. टेम्पो कशाला हवाय?"

"मला आपलं वाटतं, टेम्पो बोलवावा," बायको म्हणाली.

"माझ्या मापावर विश्वास नाही?"

या प्रश्नाला काहीही उत्तर दिलं तरी संध्याकाळ वाया जाते, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तिने चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसली.

आता हे मशीन म्हणजे शिलाई मशीन नव्हे. पिनबॉलचं मशीन. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर घंट्या आणि दिवे, आणि मधून धावणारी लोखंडी गोळी. दोन बाजूंना दोन बटणं. गोळी खाली घरंगळायच्या आत बटण दाबून तिला परत वर उडवायची, की गुण वाढतात. मास्तरांना त्यात कधीच रस नव्हता. वेड होतं ते त्यांच्या दादाला. तरुणपणी दादा कामावरून सुटला की थेट गेम पार्लरमध्ये जायचा, आणि मशीनच्या डोक्यावर स्क्रूने बसवलेल्या पत्र्याच्या पाटीवर मालकांनी रंगाने लिहिलं होतं: "सर्वाधिक गुण – दादा – नऊ लाख चाळीस हजार". इतक्या वर्षांत ती पाटी बदलायची पाळी कुणी आणली नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी दादाचा डावा हात गेला. म्हणजे हात जागेवरच होता, पण ऐकेनासा झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आता हलवाल तेवढाच पुढे हलेल. वर्ष उलटून गेलं की मग जे राहिलं ते राहिलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. दादाने तो खिडकीतून बाहेर फेकला, तोही उजव्या हाताने. त्यानंतर तो खोलीबाहेर आला नाही. वहिनी म्हणून म्हणून थकली, मास्तर म्हणून म्हणून थकले. दादा भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाला, "चेंडू काय दाबत बसू? लहान आहे का मी? ते मशीन असतं तर गोष्ट वेगळी."

हे मास्तरांच्या डोक्यात बसलं. आणि परवाच कळलं की पार्लर बंद होतंय. काल मास्तर मोजायला गेले तेव्हा मालक म्हणाले, "उद्या चारला भंगारवाला येतोय. त्याआधी नेलंत तर मशीन तुमचं. दादांचं नाव आहे त्याच्यावर, मला तरी कुठे भंगारात घालवतंय?"

आता कळलं ना, काय पणाला लागलं होतं? चारच्या आत मशीन निघालं नाही, तर दादाचा हात भंगारात. मास्तरांनी हे इतक्या शब्दांत कुणाला सांगितलं नव्हतं. पण आदल्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती.

तीनला दोघं पार्लरवर पोचले. बाकीची मशीनं कधीच गेली होती. रिकाम्या हॉलमध्ये हे एकटंच भिंतीला टेकून उभं होतं. मालकांनी त्याचे चारही लोखंडी पाय सोडवले, उभं डोकं पुढे दुमडून काचेवर आडवं केलं, आणि शेजारच्या गॅरेजमधल्या दोघांना हाक मारली. सव्वाशे किलोची ती पेटी चौघांनी कण्हत कुंथत गाडीपर्यंत आणली. मागच्या दारातून आत सरकवली. सरकली. आणखी सरकली. मास्तर बायकोकडे बघून हसले.

आणि मग ती थांबली.

"ढकला अजून," मास्तर म्हणाले.

"मास्तर, पुढच्या सीटला टेकलीय," गॅरेजवाला म्हणाला.

"अर्धा इंच आहे अजून."

"असेल. पण आम्हाला दिसत नाही तो."

मास्तरांनी मागचं दार खाली ओढलं. दार पेटीवर आपटून परत वर गेलं. पुन्हा ओढलं, पुन्हा वर गेलं. पेटी एक इंच बाहेर होती. एकच इंच. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि पेटी मोजली. बावन्न. पुढच्या कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढून वाचलं. साडेबावन्न. पुन्हा पेटी मोजली. बावन्न. ते बराच वेळ त्या बाहेर आलेल्या इंचाकडे बघत उभे राहिले, जसा एखादा नातेवाईक लग्नात ओळख देत नाही तेव्हा माणूस बघतो तसे.

"पुस्तक चुकीचं छापलंय," ते शेवटी म्हणाले.

बायको "सांगितलं होतं" असं म्हणाली नाही, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं.

चारला पंचवीस मिनिटं होती. टेम्पो आता कुठून मिळणार? मास्तरांनी कंबर कसली. गाडीत दुकानाचं सामान होतंच. पायजम्याच्या नाड्यांचं एक अख्खं बंडल काढून त्यांनी उघडं दार खालच्या कडीला बांधलं. रस्त्यावरची धूळ काचेवर बसू नये म्हणून पांढऱ्या अस्तराच्या कापडाचा तागा उलगडला, आणि पेटी डोक्यापासून पायापर्यंत नीट झाकून घेतली. चारी बाजूंनी कापड खाली खोचलंही. हातातलं काम नीटनेटकं करायची सवय, दुसरं काय. मशीनचे चार पाय बायकोच्या मांडीवर दिले. पुढची सीट इतकी पुढे ओढावी लागली होती की तिचे गुडघे हनुवटीला लागत होते.

"नीट बसलीस ना?" मास्तरांनी विचारलं.

"मी बसलेली नाही," ती म्हणाली. "मला ठेवलंय."

गाडी निघाली. आणि पहिल्याच वळणावर मागून आवाज आला. घर्रर्र, टण्ण. मालक आतल्या लोखंडी गोळ्या काढायला विसरले होते. डावीकडे वळलं की गोळ्या डावीकडे, उजवीकडे वळलं की उजवीकडे, आणि खड्डा आला की घंटा. मास्तर घाबरले. काच फुटली तर? त्यांनी वेग सायकलच्या खाली आणला, दोन्ही बाजूंचे दिवे उघडझाप करत ठेवले, आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ते अगदी गंभीर चेहऱ्याने चालवू लागले.

थोड्या वेळाने बायको म्हणाली, "अहो, मागचे हॉर्न वाजवत नाहीयेत."

"शिकली माणसं शेवटी."

"सगळे रांगेत येतायत. एकाने तर हेल्मेट काढलंय."

मास्तरांनी आरशात बघितलं. खरंच मागे दहा-बारा गाड्या मुकाट्याने चालल्या होत्या. रस्त्याच्या कडेने एक म्हातारे गृहस्थ थांबून मान खाली घालून उभे होते. मास्तरांना बरं वाटलं. एवढ्या मोठ्या मशीनचा मान राखतात लोक, असं त्यांना वाटलं. दमलेल्या माणसाला कशानेही बरं वाटतं.

सिग्नलला एक स्कूटर शेजारी येऊन थांबली. दादाच्या गल्लीतला इस्त्रीवाला. मास्तरांच्या दुकानातले कपडे त्याच्याकडेच जायचे. त्याने आधी मागे त्या पांढऱ्या लांबट आकाराकडे बघितलं, मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे, मग बायकोच्या. ती बिचारी लोखंडी पायांखाली चेंगरून रडवेली झाली होती.

"मास्तर," तो हळू आवाजात म्हणाला, "कधी झालं हे?"

"आत्ता तीन-साडेतीनला," मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं, मशीन कधी मिळालं ते विचारतोय.

"दादांच्या घरीच नेताय ना?"

"हो, तिकडेच."

इस्त्रीवाल्याने डोळे पुसले. "पुढे जाऊन सांगतो सगळ्यांना," म्हणाला आणि सिग्नल सुटायच्या आत निघून गेला.

"भला माणूस आहे," मास्तर म्हणाले. "उतरवायला चार हात तर लागणारच."

बायको त्या गेलेल्या स्कूटरकडे बघत राहिली. "अहो, तो रडत का होता?"

"धूळ किती आहे बघ की. म्हणून तर कापड घातलंय."

तिला काहीतरी सुचत होतं, पण गुडघे छातीला लागलेल्या अवस्थेत माणसाचा विचार पूर्ण होत नाही. पुढे खड्डे लागले आणि घंटा इतक्या वेळा वाजली की बोलणंच बंद झालं.

दादाच्या गल्लीत वळले आणि मास्तरांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

दादाच्या फाटकासमोर गर्दी होती. वीस-पंचवीस माणसं. सगळी गप्प. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. कुणीतरी रस्त्यावर खुर्च्या आणून मांडल्या होत्या. कुणी घंटी वाजवत नव्हतं, कुणी आत जात नव्हतं. अशी गर्दी माणसाने एकदा बघितली की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही.

मास्तरांनी गाडी तिथेच बंद केली. दादा. सकाळी वहिनीचा फोन आला होता, तेव्हा नेहमीसारखाच आहे म्हणाली होती. आणि आपण दुपारभर काय केलं? एका इंचावरून पुस्तकाशी भांडलो. टेम्पो केला असता तर अर्धा तास आधी पोचलो असतो. निदान मशीन तरी दिसलं असतं त्याला. मास्तर गाडीतून उतरले, तेव्हा त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं.

शेजारचे निवृत्त हेडमास्तर पुढे आले. त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला. "फार वाईट झालं," ते म्हणाले.

"मला कुणी कळवलंही नाही हो," मास्तर म्हणाले, आणि भर रस्त्यात मोठ्याने रडू लागले.

हेडमास्तर जरा गोंधळले. गाडीत स्वतःच घेऊन आलेला माणूस असं का म्हणतो, हे त्यांना कळेना. पण दुःखात माणूस काहीही बोलतो, हे त्यांनी शाळेत आणि घरी पाहिलेलं होतं. ते मास्तरांची पाठ थोपटत राहिले. बाकीचेही गाडीच्या मागे, त्या पांढऱ्या कापडाजवळ, मान खाली घालून उभे राहिले.

इतक्यात मागून कुणीतरी विचारलं, "कोण गेलं हो?"

"हळू बोला," हेडमास्तर वळून न बघता म्हणाले. "दादा गेले."

"कुठले दादा?"

"कुठले काय? या घरातले दादा."

मागे काठी टेकल्याचा आवाज आला. मग तोच आवाज म्हणाला, "अहो, मग आमची ही मला काही बोलली कशी नाही?"

सगळे वळले. फाटकाशी दादा उभा होता. अंगात गंजीफ्रॉक, उजव्या हातात काठी, तीन महिन्यांची दाढी. खिडकीतून गर्दी दिसली म्हणून तो उठला होता, वहिनी न्हाणीघरात होती म्हणून त्याला कुणी थांबवलं नव्हतं, आणि गल्लीत कुणी गेलं असेल तर आपण घरात बसणं बरं दिसत नाही म्हणून तो जिने उतरून आला होता. स्वतःच्या पायांनी. स्वतःच्या मयताला.

तेवढ्यात हेडमास्तरांचा तोल गेला, ते गाडीवर रेलले, आणि पांढऱ्या कापडाखालून घर्रर्र, टण्ण, टण्ण असा आवाज आला. इस्त्रीवाला जो पळाला तो कोपऱ्यावर जाऊन थांबला.

"दादा," मास्तर म्हणाले. नाक पुसलं. "दादा, तू खाली कसा आलास?"

दादा गाडीपाशी आला, कापडाचा कोपरा उचलला, आणि आतली पाटी वाचली. मग एकदा मास्तरांकडे, एकदा नाड्यांनी बांधलेल्या दाराकडे बघितलं.

"गाढवा," तो म्हणाला, "टेम्पो नाही मिळाला?"

लोक जमलेच होते. रिकाम्या हाताने परत कसं जायचं? खांदा द्यायला आलेल्या माणसांनी खांदा दिला. सव्वाशे किलोची पेटी अशी झुलत दादाच्या खोलीत गेली की मास्तरांना हातही लावावा लागला नाही. पाय बसवले, डोकं उभं केलं. कपाट आणि भिंतीच्या मधे ते लावायचं ठरलं. मास्तर म्हणाले, "बावन्न आहे, आरामात बसेल." वहिनी ओल्या केसांनी तिथे उभी होती. एवढा वेळ ती कुणावर रागवावं ते ठरवत होती. तिने सुतार विसरून गेलेली पोलादी टेप ड्रॉवरमधून काढली आणि मशीन मोजलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "साडेत्रेपन्न."

"शक्य नाही."

तिने त्यांच्या गळ्यातली टेप मागितली आणि दोन्ही टेपा पलंगावर शेजारी शेजारी पसरल्या. मास्तरांचे साठ इंच संपले, तिथे पोलादी टेपचे एकसष्ट आणि वर पाऊण झाले होते. बत्तीस वर्षं ओढून ओढून ती टेप ताणली गेली होती. अंगावर माप घेताना तीच, कापड बेतताना तीच. चूक चुकीला झाकत होती, म्हणून कपडे बसत होते. फक्त चिठ्ठीवाल्यांचं माप बाहेरच्या टेपचं असायचं.

मास्तर पलंगावर बसले. वाळलेली ती सगळी माणसं त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेली.

बायकोने टेपेची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. "चहा टाकते," म्हणाली आणि वहिनीला घेऊन आत गेली. बायकोने एवढी दया दाखवली की माणसाने समजावं, हद्द झाली.

खोलीत दोघं भाऊच राहिले. दादाने मशीन चालू केलं. दिवे लागले. त्याने उजव्या हाताने दांडा ओढून गोळी सोडली, आणि डावा हात उचलून बटणावर ठेवला, जसा एखादा लाकडाचा तुकडा ठेवावा तसा. गोळी खाली आली. उजवीकडून उडवली. पुन्हा खाली आली, या वेळी डावीकडून. दादाचं कपाळ घामेजलं. गोळी गेली. दुसरी गेली. तिसरी येताना डाव्या हाताचं बोट हललं. थोडंसंच, पण बटण दाबलं गेलं आणि गोळी वर गेली. मास्तरांना पुन्हा रडू आलं, आणि या वेळी ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत.

डाव संपला. गुण चौदाशे.

दोघांनी वरच्या पाटीकडे बघितलं. नऊ लाख चाळीस हजार.

"तुला एक सांगतो," दादा म्हणाला. "बाहेर बोलायचं नाही."

"बोल."

"ते नऊ लाख मी केलेच नाहीत. गोळी मधल्या दोन खुंट्यांत अडकली होती. ठाक-ठाक, ठाक-ठाक, गुण आपले चढतायत. मी कंटाळून चहा प्यायला गेलो. परत आलो तर मालक पाटी रंगवत होते."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"अर्धी रंगवून झाली होती रे. माणसाचं मन मोडवत नाही."

मास्तरांनी मांडीवरच्या टेपेकडे बघितलं. "मग तूही माझं बाहेर बोलू नकोस," ते म्हणाले.

दादा हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आणि डाव्या हाताने, एका बोटाने का होईना, त्याने दुसऱ्या डावाचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नवी टेप आणली. वहीतलं जुनं माप काढून एका गिऱ्हाइकाचा शर्ट नव्या टेपेने बेतला. तो त्याच्या अंगात शिरेना. "लठ्ठ झालात," मास्तर सवयीने म्हणून गेले. मग त्यांनी भिंतीवरच्या फळीकडे बघितलं. मापांच्या बत्तीस वह्या होत्या तिथे.

त्यांनी नवी टेप ड्रॉवरमध्ये टाकली आणि जुनी परत गळ्यात घातली. संध्याकाळी बायको डबा घेऊन आली, तेव्हा ते दुकानाबाहेर स्टुलावर चढून एक नवी पाटी ठोकत होते. तिने ती वाचली आणि आत डबा उघडायला गेली. पाटीवर लिहिलं होतं: "चिठ्ठीवरची मापं स्वीकारली जाणार नाहीत. गिऱ्हाइकाने स्वतः यावे."